बिनधवळ्याचं लग्न, व्हाया पनवेल

नव्वदीच्या दशकात आम्ही साताऱ्याला राहत होतो. एके दिवशी हसनमियांचं अंतर्देशीय पत्र आलं आणि माझ्या तोंडचा चहा गार झाला. पत्रात लिहिलं होतं : "मास्तर, या साली आठ मुल्कांचे कलावंत येतायत. पण लोक विचारतात, आपल्या मातीतलं काय? मागच्या साली तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाला होतात की ताराक्का माझ्या शब्दाबाहेर नाही. मी पत्रिकेत तिचं नाव छापलंय. दुसरा दिवस, संध्याकाळी पाच, वीस मिनिटं. आता या आणि तिला घेऊन या."

मी असं म्हणालो होतो खरा. जेवण चांगलं झालं की मी बरंच काही म्हणतो.

"आता जा," सुमन म्हणाली. "शब्द तुमचा, छाती तुमची."

"तूसुद्धा चल ना."

"मी तर चाललेच आहे. तुमची फजिती बघायला मी कधी रजा वाया घालवत नाही."

सुमन म्हणजे माझी पत्नी. पोस्टात होती. आम्ही पनवेललाच भेटलो. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि रोज एक तरी तिकीट विकत घेत होतो. लग्न आम्ही अलिबागच्या नोंदणी कचेरीत केलं. चार सह्या, दोन साक्षीदार, माणशी एक पेढा, की परतीची एसटी. भटजी नको, मांडव नको, आहेर नको, हे सगळं सुमनचं. माझी एकच अट होती. मी शार्दूलविक्रीडितात रचलेली आठ मंगलाष्टकं कचेरीत म्हणायची. कारकुनाने घड्याळ दाखवलं आणि ती अट तिथेच वारली. तो कागद मात्र मी जपून ठेवला होता. पनवेलला निघतानाही बॅगेत टाकला. सुमनला न सांगता.

पनवेलला महोत्सव, आणि तोही जगभरच्या संगीताचा, असं म्हटलं की आजचे वाचक भुवया उंचावतात. त्यांनी हसनमियांना पाहिलेलं नाही. पंचवीस वर्षं बोटीवर काढलेला हा माणूस. प्रत्येक बंदरात इतर खलाशी जे काही करायचे ते करायचे. हसनमिया एखादं वाद्य विकत घ्यायचे आणि ते वाजवणाऱ्याचा पत्ता लिहून घ्यायचे. निवृत्त होऊन पनवेलला आले तेव्हा घरात बसायला जागा नव्हती, इतके ढोल. मुंबईत उतरून पुण्याकडे किंवा गोव्याकडे निघालेला प्रत्येक वादक पनवेलवरूनच जाणार, मग तीन दिवस थांबला तर काय बिघडलं, हा त्यांचा हिशेब. दर जानेवारीत, वडाळे तळ्याजवळच्या एका मैदानावर. तिकीट नाही. बसायला सतरंजी, मागे उभं राहायला भिंत.

निघालो गुरुवारी सकाळी. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. पुण्याला गाडी अर्धा तास थांबली, खंडाळ्याच्या घाटात त्याहून जास्त. पुढचा ट्रक एका वळणावर विचार करत उभा होता. आमची एसटी चढावर भुजंगप्रयातात चालते, हे मी सुमनला सांगितलं. लगागा, लगागा, लगागा, लगागा. "आणि उतारावर?" तिने विचारलं. उतारावर मी डोळे मिटून होतो, त्यामुळे वृत्त ओळखता आलं नाही. ज्यांना आज तो जुना रस्ता अनुभवायचा असेल त्यांनी जरूर जावं. खोपोलीला उतरून वडापाव खावा, चटणी मागून घ्यावी. पोटात काही असलं की पुढचं सोपं जातं.

पनवेलच्या स्टँडवर हसनमिया स्वतः आले होते. मुक्काम त्यांच्याच घरी. त्यांच्या बेगमने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. मी चार भाकऱ्यांनंतर मोजणं सोडलं.

पहिल्या संध्याकाळी मंगोलियाचे एक गृहस्थ गायले. एकाच गळ्यातून दोन सूर काढायचे, एक खाली गुरगुरणारा आणि एक वर शीळ घालणारा. माझ्या शेजारी कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक सरदारजी बसले होते. ते म्हणाले, "ये तो पहले गियर में घाट चढ़ रहा है जी." मग सेनेगलचा उस्मान आला, ताडासारखा उंच. त्याने मांडीत ढोल धरला आणि मी नेहमीप्रमाणे गण पाडायला बसलो. यमाता, मातारा, ताराज. तिसऱ्या मिनिटाला माझे सगळे गण संपले, त्याचा ढोल चालूच. पुढे बसलेल्या मल्याळी बायका, गुजराती किराणावाले, मोहल्ल्यातली पोरं, सगळे माना डोलवत होते. जन्मभर लघु-गुरू मोजलेला मी एकटाच चुकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवे गावाला निघालो. ताराक्का तिथली. आज त्या बाजूला खारघरचे मनोरे उभे आहेत. तेव्हा डोंगर होता, शेतं होती आणि सहाआसनी रिक्षात अकरा माणसं होती. रिक्षा कळंबोलीपर्यंत गेली, पुढे दुसरी, शेवटचा तुकडा पायी.

ताराक्का आगरी समाजातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधीपासून तिचा मान. हळद कुटण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवळा, ती म्हणते, आणि बाकीच्या बायका मागून ती ओळ ओढतात, म्हणजे उचलून पुढे म्हणतात. तिने म्हटलं की विधी लागला. आम्ही पनवेलला होतो तेव्हा ती आमच्या दारावर वाल आणि तांदूळ विकायला यायची. अलिबागचं लग्न तिला कधीच पटलं नाही. "बिनधवल्याचं लगीन," ती दर वेळी दारातच बोलायची, "म्हंजे बिनमिठाचा भात."

पडवीत बसली होती. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. "आला मास्तर! आनि बाईला बी घेऊन आला. लगीन केलास का नाय हिच्याशी अजून?"

"अक्का, अठ्ठावीस वर्षं झाली."

"कागदाला झाली. तुला नाय झाली."

मी महोत्सवाचं सांगितलं. पत्रिका दाखवली. ती तिने उलटी धरली, सुलटी धरली आणि खाली ठेवली.

"नाय."

"अक्का, फक्त वीस मिनिटं. दोन धवळे."

"आरं, धवला म्हंजे गानं हाय काय? मी बोलली का देव येतान, पितर येतान. ते आले आनि इचारलं, नवरी कुठं हाय? तर काय दावू, तुजा माइक?"

हसनमियांनी याचीही तयारी केली होती. शाळेच्या नाटकातली एक जोडी नवरा-नवरी म्हणून बसवायची. मी तसं सुचवलं तर ताराक्काने कपाळावर हात मारला. "मी बोलली का लगीन लागलं! मंग त्या पोरांचं सोडवायचं कोनी? तू?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत अशी काही चमक की मी पत्रिका उचलून खिशात घातली.

"ह्ये दोघं हायत ना बिनलग्नाची," ती म्हणाली.

"अजिबात नाही," सुमन म्हणाली. "पन्नाशी उलटल्यावर मी स्टेजवर हळद लावून बसू? जे नको म्हणून अलिबागला गेले, तेच आता सरदारजींसमोर करू?"

"मंग ऱ्हायलं," ताराक्का म्हणाली आणि वालाच्या शेंगा निवडायला लागली.

मी सुमनला आग्रह केला नाही. अठ्ठावीस वर्षांत एवढं शिकलो होतो. दुपारी ताराक्काच्या लेकाने अंगणात पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा आणि बटाटे, वरून मीठ, तोंड पाल्याने बंद, मडकं उपडं आणि भोवती जाळ. जानेवारीत त्या बाजूला गेलात आणि पोपटी न खाता परतलात तर परत जा. मी शेंगा सोलत बाहेर बसलो, वेळ मोजत. दोन वाजले. पाचला पत्रिकेत तिचं नाव होतं. हसनमियांनी गावोगाव वाटलेली पत्रिका, आणि तिच्या खाली माझी छाती.

सुमन पाणी प्यायला आत गेली ती बाहेरच येईना. अर्ध्या तासाने आली, तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"आत उखळाशी बसून गुणगुणत होती. मी विचारलं काय म्हणता, तर म्हणाली, दोन वर्षं झाली कोणी बोलावलं नाही. लोक बँजोची पार्टी बोलावतात. सख्ख्या नातीच्या लग्नात बँजो वाजला आणि हिला पुढच्या खुर्चीत बसवलं. विसरायला नको म्हणून रोज उखळाचं आणि मुसळाचं लग्न लावते."

"आणि ते खोटं नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, ती येकमेकाला सोडून कुठं जातान?"

सुमनने माझ्या हातातली शेंग घेतली, सोलली, खाल्ली. मग मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "मास्तर, मुसळापेक्षा तुम्ही बरे. चला. पण एक अट. बॅगेतली ती मंगलाष्टकं बॅगेतच राहतील."

तिला माहीत होतं तर.

यापुढची संध्याकाळ मी शिस्तीत सांगू शकत नाही, कारण माझ्या चष्म्यावर हळद होती. हसनमियांनी तासाभरात उंबराची फांदी, हळद, नारळ आणि पाट पैदा केले. बोटीवरचा माणूस, वादळात धावपळ करायची सवय. "गवाह मी आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले, "दोन्ही बाजूंचा!" ताराक्काने माइक बाजूला करायला लावला. उस्मान ढोल घेऊन हौसेने पुढे आला तर तिने हाताने त्याला खाली बसवलं. "ह्याला बाजा लागत नाय, बाला." मग त्याची उंची बघून म्हणाली, "तू नवऱ्याचा भाऊ." झालं. त्यालाही हळद लागली.

आणि ती गायला लागली.

मी ज्याला गाणं म्हणत होतो ते हे नव्हतं. आवाजात ना हरकत ना मुरकी. सरळ, सपाट, शेतात हाक मारावी तशी ओळ. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली. दुसरीला मैदानाच्या मागून, भिंतीपाशी उभ्या असलेल्या गावाकडच्या बायकांमधून कोणीतरी ती ओढली. तिसरीला दहा-बारा आवाज. चौथीला त्या बायका सतरंज्या ओलांडत पुढे आल्या. ताराक्काने क्षणभर डोळे मिटले आणि आवाज वर उचलला.

धवळ्यात ती नवरा-नवरीची हकीकत घालते, हे मला ठाऊक होतं. आमची काय घातली असेल? पोस्टातली नवरी, रोज तिकीट घेणारा नवरा, कधी पत्र न टाकणारा. अलिबागचा कागद, कागदावरची शाई, शाई वाळेपर्यंत खाल्लेला पेढा. बायका हसून हसून ओळ ओढत होत्या. सुमन हातात तोंड लपवून हसत होती. मग कधी थांबली ते मला कळलं नाही. बघितलं तर डोळे पुसत होती, हळदीच्या हाताने, आणि अर्थात अजूनच चुरचुरत होतं.

वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. पडद्याआडून हसनमिया घड्याळ दाखवू लागले. पुढचा कार्यक्रम आयर्लंडच्या एका लाल दाढीवाल्या पाइपवादकाचा होता. ताराक्का म्हणाली, अर्धं लगीन सोडून उठता येत नाय. हळदीचा झाला, मांडवाचा झाला, पाण्याचा झाला, अजून नवरीला वाटेला लावायची आहे. लाल दाढीवाले दीड तास वाट बघून शेवटी स्वतःच येऊन बसले. ताराक्काने त्यांच्या हातात नारळ दिला आणि करवला केलं. त्यांचा पाइप त्या दिवशी वाजला नाही. पण सगळ्या महोत्सवात इतका खूश करवला मी पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ताराक्काला भेटायला परत ओव्याला गेलो. पडवीत दोन अनोळखी बायका बसल्या होत्या. मुलीच्या लग्नाचं विचारायला आल्या होत्या. ताराक्का तारीख सहजी देत नव्हती. "बँजो आनशील तर मी येनार नाय," असं चाललं होतं. आम्हाला पाहून म्हणाली, "आता जावा दोघं. आता तुमचं बराबर झालं." मग सुमनला जवळ ओढून कानात काहीतरी बोलली. काय ते सुमनने आजतागायत सांगितलेलं नाही.

रविवारी पहाटे एसटी पकडली आणि परतीच्या घाटात सुमन झोपली. माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात हळद शिरली होती. ती पट्टा तुटेपर्यंत निघाली नाही.

दुपारी साताऱ्याला पोचलो. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. "कुठे गेला होतात?"

"लग्नाला," सुमन म्हणाली.

"कोणाच्या?"

"ओळखीतलीच आहेत," असं म्हणून ती वर गेली.

घरात शिरल्यावर पंखा लावला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काढा तो कागद. एकच ऐकेन."

अठ्ठावीस वर्षं घडीत राहून कागद चार ठिकाणी फाटला होता. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि शार्दूलविक्रीडितात सुरुवात केली. पहिली ओळ तिने ऐकली. दुसरीही ऐकली, मान थोडी हलवून. तिसऱ्या ओळीच्या यतीवर ती ताडकन उठली आणि "अगंबाई, दूध उतू जातंय" म्हणत स्वयंपाकघरात पळाली.

तीन दिवस घर बंद होतं. दूधवाला यायला अजून दोन तास होते.

मी कागदाची घडी घातली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग सरळ, सपाट, शेतात हाक मारावी तशी एक ओळ. पोस्टातल्या नवरीची. दुसरी ओळ ती विसरली होती. ती मी ओढली.