साखरेनं भरलेली वाटी
मोदकपात्राचं झाकण उघडलं, की खोबऱ्याच्या नि उकडीच्या त्या वाफेसोबत मला लालबागच्या चाळीतले आमचे शेजारचे काका आठवतात. फौजेतून निवृत्त झालेले, एकटे. माझे लाड माझ्या बापापेक्षा जास्त करायचे. आमच्याकडून गेलेला डबा त्यांच्याकडून कधी रिकामा आला नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायचीच. एका गणपतीत आईनं मला मोदक देऊन पाठवलं, आणि ते काढून ठेवायला म्हणून मी त्यांच्या फळीवरची, साखरेनं भरलेली पितळी वाटी रिकामी करायला घेतली. "बाय, ती नको!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी रडायलाच लागले. मग मला जवळ घेऊन म्हणाले, "श्रीलंकेत लढाईवर होतो ना, तेव्हा तिथल्या एका म्हातारीनं ही वाटी भरून खायला दिलेलं. तांदळाचं पीठ नि खोबरं, वाफवलेलं. अगदी तुझ्या आईच्या मोदकांचा वास गो." मी विचारलं, "मग वाटी परत नाही दिलीत?" "साखर भरून घेऊन गेलो होतो. पण गावात बंडखोर लपलेत म्हणून आदल्या रात्री आमच्याच तोफांनी गाव उडवलेलं." एवढं बोलून त्यांनी गंजीफ्रॉकच्या टोकानं माझे डोळे पुसले आणि पहिला मोदक मलाच भरवला. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती वाटी माझ्याकडे असते. मुंग्या लागतात म्हणून मुलगी कुरकुरते, पण मी साखर बदलून ती भरलेलीच ठेवते. कुणी मागायला आलंच, तर रिकामी कशी द्यायची?