काळ्या पडद्यामागचे भातखाचर

मुलांनो, तुमच्या बाबांचा जुना लॅपटॉप परवा कायमचा बंद पडला. त्याने शेवटचे काय दाखवले, ते मला आजच लिहून ठेवायचे आहे. आजोबांवर सोपवले तर ते त्यात स्वतःचा टॉर्चच मोठा करतील.

लोणावळ्याच्या ओलीने त्याचा पडदा केव्हाच काळा झाला होता. आतला पंखा मात्र फिरायचा. त्यात एक चित्रफीत होती. आपल्याकडे भाजी आणणाऱ्या बेडसे गावच्या मावशींच्या शेतात भाताची लावणी चालू असताना आजोबांनी काढलेली. मावशींचे यजमान त्यात होते. ते जाऊन दोन वर्षे झाली. मावशींच्या घरी त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला, ताठ उभे राहून काढलेला.

"चालतं-बोलतं मालक डोळ्याम्होरं येईनासं झालंत, बाई," मावशी म्हणाल्या. "तुमच्या त्या पेटीत हायेत नव्हं?"

लॅपटॉप टीव्हीला जोडला तर चित्र टीव्हीवर दिसेल, असे तुमच्या बाबांनी फोनवर सांगितले होते. मी ते वहीत क्रमाने उतरवून घेतले.

त्या दुपारी वलवणच्या धरणावरचे धुके खिडकीतून आत आले होते. खुर्च्या, फुलदाणी, मावशींचे हिरवे लुगडे, सगळे पाण्याखाली असल्यासारखे वाटत होते. मी केबल घेऊन टीव्हीच्या मागे वाकले, तर केबल आत जाईना. दर पावसाळ्यापूर्वी मी टीव्हीची सगळी भोके चिकटपट्टीने बंद करते, ओल आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून. पट्टी निघाली, पण तिचा गोंद आतच राहिला होता.

"बँकेच्या लॉकरलासुद्धा इतका बंदोबस्त नसतो," आजोबा टॉर्च धरून म्हणाले.

"टॉर्च माझ्या डोळ्यांत नको, भोकावर धरा."

"आबा, भांडण मागनं करा," मावशी म्हणाल्या.

दात कोरायच्या काडीने गोंद काढला. केबल बसली. रिमोटवरून एचडीएमआय निवडले. टीव्हीवर अजून काहीच नव्हते. पासवर्ड त्या काळ्या पडद्यावरच मागितला जात असणार. तळेगावच्या टायपिंग क्लासात आमचे सर बोटांवर रुमाल टाकून पानेच्या पाने टाइप करायला लावत. मी डोळे मिटले आणि पासवर्ड टाइप केला.

टीव्ही उजळला. निळा समुद्र, पांढरी वाळू, बाकी काही नाही.

मावशी टीव्हीजवळ सरकल्या. "बाई, आमच्याकडं एवढं पानी कुटं?"

तो नुसता लॅपटॉपच्या पडद्याचा मागचा देखावा, म्हणजे वॉलपेपर होता. उघडलेले सारे काळ्या पडद्यावरच राहत होते. मी वही पाहिली: चौकटीचे चिन्ह असलेले बटण आणि पी एकत्र दाबायचे, मग खालच्या बाणाने यादीतल्या 'फक्त दुसरा पडदा' या शेवटच्या ओळीवर जाऊन एंटर. टीव्ही क्षणभर विझला. मावशींनी माझा पदर धरला होता.

मग समुद्र गेला आणि लॅपटॉपमधले सगळे टीव्हीवर आले. मी फीत लावली. पाण्याने भरलेले खाचर भिंतभर पसरले. बाहेरचे धुके आणि आतले आभाळ एकाच रंगाचे होते. आपण बांधावर उभे आहोत असे वाटले. पाठमोरा वाकलेला एक माणूस रोपे लावत मागे मागे सरकत आमच्याकडे येत होता. मग तो उठला, कमरेवर हात ठेवून वळला आणि काहीतरी बोलला. आवाज आलाच नाही. मी बटणे शोधू लागले.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "च्या मागत्यात. लावणीला गेलं की दर घटकेला च्या. लय तरास दिला मानसानं."

त्या हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. फीत आम्ही सहा वेळा पाहिली. मावशी प्रत्येक वेळी त्यांना उत्तर देत होत्या: "आनते, दम धरा."

त्याच संध्याकाळी मी फीत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. तो टीव्हीला थेट लागतो आणि त्यात आवाजही येतो. ते खरोखरच चहा मागतात. फीत एक्केचाळीस सेकंदांची आहे. एक प्रत मावशींकडे आहे, एक माझ्या कपाटात.