दोन गाड्यांचं अंतर

माझा भाचा आदेश गाडी घसरवून पोट भरतो. किन्हवलीच्या स्टँडवर मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा चहावाल्याने कप हातातच धरून विचारलं, "म्हंजे अपघात करतो काय?" मी म्हणालो, "अपघाताच्या चार बोटं अलीकडं थांबतो, आन् त्याचे पैसे घेतो." त्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही पटलं नव्हतं.

मी गोमा. एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी माळशेज घाटातून. धुक्यात चालवली, दरडीच्या दगडांतून चालवली, बैलपोळ्याला चार पेले टाकून रस्त्यात उभे राहिलेल्या लोकांतून चालवली. गाडी कधी घसरू दिली नाही म्हणून साहेबांनी छातीवर बिल्ला लावला. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, ज्याला मी मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं, तो मुद्दाम गाडी आडवी करतो, टायरांचा धूर काढतो, आणि लोक पैसे देऊन ते बघतात. देवाला कधी कधी चेष्टा सुचते, आणि ती करायला त्याला आमचंच घर सापडतं.

या खेळाला ड्रिफ्टिंग म्हणतात. त्यात पहिला कोण आला ते बघतच नाहीत. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकायचा, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, आणि तशीच आडवी गाडी वळणामागून वळण न्यायची. किती आडवी, किती वेगात, आखलेल्या रेषेच्या किती जवळून, यावर पंच गुण देतात. मागच्या टायरांची जोडी दोन-चार फेऱ्यांत संपते. आदेशचा बाप कोंडू हे ऐकून एवढंच म्हणाला होता, "आपल्याकडं होळीला तरी वर्षातनं एकदाच जाळतात."

आदेश हे शिकला कुठे, तर भाताच्या खाचरात. आमच्याकडची खाचरं अंगणाएवढी. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात आणि तेवढ्याशा जागेत तो फिरवावा लागतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. बांधाशी आलं की एकाच बाजूचा ब्रेक दाबायचा, ते चाक जागेवर राहतं, आणि सगळं धूड चिखलात गर्रकन फिरतं. जरा जास्त दाबलं तर बांध फुटतो आणि शेजारी भांडायला येतो. हे पोर बाराव्या वर्षी ट्रॅक्टर असा फिरवायचं, की बांधावरचं गवत हलायचं, पण माती सुटायची नाही. माझी बहीण सकुबाई लावणी करता करता ओरडायची, "आरं, हळू रे मेल्या!" आणि दुसऱ्या बायकांकडे बघून हसायची.

मला मात्र त्याला एसटीत घालायचं होतं. म्हणून रस्त्यावरचं सगळं शिक्षण मी दिलं. माझी शिकवण दोनच वाक्यांची. वळण आलं की हॉर्न. आणि पुढच्याच्या मागे जाताना दोन गाड्यांचं अंतर, कारण पुढचा काय करील हे त्याच्या बापालाही माहीत नसतं. चुकला की मी मनगटावर फटका मारायचो. चांगलं लाल होईपर्यंत मारायचो. शाबास म्हणालो असेन असं आठवत नाही. आमच्या पिढीला ती सवय नव्हती, आणि मला तर मुळीच नव्हती.

एसटीची भरती लांबत गेली. आदेशने ओतूरहून माळशेजमार्गे कल्याणला भाजीचा टेम्पो चालवला, सात वर्षं, रोज. कुठे खरचटलंही नाही. मग एकदा भिवंडीकडच्या एका गोदामात माल टाकायला गेला, तर मागच्या मोकळ्या आवारात काही पोरं जुनी जपानी गाडी आडवी-तिडवी घुमवत होती. हेतल मॅडम नावाच्या बाईंचं ते गॅरेज आणि त्यांचीच ती टीम. आदेश अर्धा तास बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, एकदा मी बघू काय?" पोरं हसली. मॅडमनी चावी दिली. पहिल्याच फेरीत त्याने हँडब्रेक ओढून गाडी खांबाभोवती अशी फिरवली, की हसणारी पोरं धावत जवळ आली. मॅडमनी विचारलं, कुठे शिकलास? म्हणाला, "शेतात."

त्याला पगारावर ठेवलं. आठवडाभर गॅरेजमध्ये मेकॅनिक, शनिवार-रविवार कंपन्यांच्या कार्यक्रमांत ड्रिफ्टिंगचे खेळ, आणि वर्षातून दोन-तीन मोठ्या स्पर्धा. लग्न जमवताना मात्र आमची फजिती झाली. मुरबाडकडची मंडळी आली होती. मुलीच्या बापाने विचारलं, मुलगा काय करतो? कोंडू म्हणाला, "गाडीवर हाय." "कुठल्या गाडीवर?" कोंडूने जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, "आडव्या." मुलगी, म्हणजे आमची नम्रता, आतल्या खोलीत खळखळून हसली आणि तिथेच लग्न ठरलं असं मी समजतो.

आता मुख्य गोष्ट. स्पर्धेत पुढे पुढे गेलं की जोडीच्या फेऱ्या असतात. दोन गाड्या एकदम आडव्या होतात. पुढची रेषा आखते, आणि मागच्याने तिच्या दाराला चिकटून, जणू एकाच दोरीने बांधल्यासारखं, तस्संच जायचं. जितकं जवळ, तितके गुण. मग अदलाबदल होते. आदेश पुढे असला की त्याच्यासारखा कोणी नाही. मागे असला की हरलाच. दोन वर्षं असंच झालं.

गेल्या वर्षीच्या उपान्त्य फेरीचा व्हिडिओ त्याने मला मोबाइलवर दाखवला. कॅमेरा गाडीच्या आत लावलेला. आदेश पुढच्या गाडीच्या मागे झेपावतो, वळण येतं, आणि बरोबर त्या क्षणी त्याचा उजवा तळवा स्टेअरिंगच्या मधोमध आपटतो. मग पाय ढिला पडतो आणि पुढच्या गाडीत आणि ह्याच्यात अंतर पडतं. बरोबर दोन गाड्यांचं.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"हॉर्न मारला, मामा."

"त्या गाडीला हॉर्न हाय?"

"नाय ना."

टीमची पोरं तेव्हापासून त्याला हॉर्नवाला म्हणत होती. लाज वाटण्याऐवजी मला आधी बरं वाटलं, हे कबूल करतो. पोराच्या हाडात माझी शिकवण मुरली होती. मग तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम बोलल्या, औंदा पण मागं ऱ्हायलास तर सीट दुसऱ्याला. मग परत टेम्पो." त्याला टेम्पोची लाज नव्हती. पण जगात एक गोष्ट त्याला इतरांपेक्षा चांगली यायची, आणि ती करायची जागा ही एकच होती. ती गेली असती तर पोरगं आतून वाळलं असतं. ते मला दिसत होतं, नम्रतालाही दिसत होतं.

आषाढात तो चार दिवस चिखलणीला घरी आला. आमच्याकडे अजून सावड चालते. आज माझी माणसं आणि ट्रॅक्टर तुझ्या शेतात, उद्या तुझी माझ्या शेतात. त्या दिवशी कोंडूच्या खाचरात शेजारच्या सावळारामचा ट्रॅक्टर पुढे होता आणि आदेशचा मागे. मी बांधावर छत्री घेऊन बसलो होतो. बघतो तर काय, एवढ्याशा खाचरात आदेश सावळारामच्या मागे हातभर अंतरावर फिरतोय. तो वळला की हा वळतोय, तो थांबला की हा थांबतोय. ना पाय ढिला पडत होता, ना तळवा आपटत होता.

सकुबाईच्याही ते ध्यानात आलं. हातातली रोपांची मूठ तशीच धरून ती म्हणाली, "आरं, सावळाच्या अंगावर असा जातंस, मंग तिकडं काय होतंय तुला?"

आदेशने इंजिन जरा कमी केलं. "आये, सावळाकाका मला ठाव हाय. कुठं वळणार, कवा दाबणार, सगळं. सावडीला भीती नाय वाटत. तिकडं पुढचा कोण असतो, काय करंल, काय ठाव? मामानं शिकवलंय तसं होतं मंग."

तो हे सहज बोलला. त्यात तक्रार नव्हती. पण मला लख्ख कळलं. पोराच्या पायात बेडी होती आणि ती मी घातली होती. मनगटावर फटके मारमारून घातली होती. त्याच वेळी उठून म्हणायला हवं होतं, बाबा, ते रस्त्यासाठी होतं, तिथे ते सोडून दे. एवढं एक वाक्य. पण एकतीस वर्षं ज्याच्यावर जगलो, ते चूक म्हणायला जीभ उचलेना. मी छत्री मिटली, "च्याचं बघतो" असं काहीतरी पुटपुटलो आणि बांधावरून उठून घरी निघून गेलो. दोन दिवसांनी तो भिवंडीला परतला, तोवर मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, पण ते वाक्य काही बोललो नाही.

जानेवारीत नवी मुंबईकडच्या एका मोठ्या मैदानावर स्पर्धा होती. मी आणि नम्रता उपान्त्य फेरीच्या आदल्या दिवशी गेलो. त्या फेरीत आदेशसमोर बंगळूरचा एक गडी आला होता, दोन वेळा जिंकलेला. संध्याकाळी सगळे आपापल्या तंबूत गाड्या ठोकत बसलेले, आणि आमचा आदेश दोन चहाचे कप घेऊन थेट त्या बंगळूरवाल्याकडे गेला. मी मागून चाललो होतो, म्हणून ऐकलं. "कल मैं तेरे पीछे आएगा. तू किधर दबाता है, किधर छोडता है, जरा बता दे ना." तो माणूस चाटच पडला. असं प्रतिस्पर्ध्याला कोण विचारतं? मग तो मोठ्याने हसला, चहा घेतला आणि दोघं मैदानावर पायी निघाले. प्रत्येक वळणावर थांबायचे. बंगळूरवाला हाताने दाखवायचा, आदेश विचारायचा, मग आदेश आपलं दाखवायचा. तासभर चाललं होतं. हेतल मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हा काय करतोय?" मी म्हणालो, "सावड." त्यांना ते कळलं नाही आणि मीही समजावत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जोडीच्या पहिल्या खेपेला आदेश पुढे होता, चांगला गेला. बंगळूरवालाही त्याच्या दाराशी चिकटून आला. आता अदलाबदल. सगळं आता यावरच होतं. नम्रताने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती.

गाड्या सुटल्या. पहिलं वळण. बंगळूरवाल्याची गाडी आडवी झाली, आदेशची झाली. मला धुरात फक्त दोन रंग दिसत होते, लाल आणि निळा, आणि त्यांच्यामध्ये काहीच दिसत नव्हतं. दुसरं वळण. माझा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता, इतका, की पोटरीत गोळा आला. मनात मी ओरडत होतो, सोड, अंतर सोड, मरशील! आणि त्याच मनात दुसरा कोणीतरी म्हणत होता, नको सोडू रे, नको सोडू. तिसऱ्या वळणावर पुढची गाडी जराशी हेलपाटली. एसटीत असतो तर मी तिथेच ब्रेकवर उभा राहिलो असतो. आदेशही तेवढाच हेलपाटला, तिच्याच बरोबर, आणि दाराशी दार तसंच ठेवून शेवटच्या वळणातून बाहेर पडला.

पंचांनी निळ्या गाडीचं नाव पुकारलं. आमची गाडी निळी. संध्याकाळी अंतिम फेरीत तो हरला, त्याचं मला काही वाटलं नाही, कारण हेतल मॅडम त्याआधीच येऊन सांगून गेल्या होत्या, "सीट त्याचीच. पुढची दोन वर्षं." नम्रता तिथेच खाली बसून रडली.

आदेश हेल्मेट काढून आमच्याकडे आला तो मान खाली घालून. मला वाटलं, अंतिम फेरी हरल्याचं वाईट वाटतंय. त्याने माझे पाय धरले आणि म्हणाला, "मामा, राग मानू नका. तुमचं शिकवलेलं मोडलं मी."

सीट जिंकलेलं पोर माझी माफी मागत होतं. त्याला दंडाला धरून उठवलं आणि सहा महिने अडकलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. म्हणालो, "मोडायलाच पायजे होतं रे. मला आषाढातच कळलं होतं. त्या दिशी शेतातच सांगायला पायजे होतं, पण तोंडातनं निघालं नाय. चूक माझी हाय."

तो हसला. त्याच्या तोंडाला टायरांची काजळी लागली होती.

"मला ठाव होतं, मामा. पण शिकवण तुमची, मोडली तर पाया पडायलाच पायजे. तुमी बांधावरनं कायबी न बोलता उठून गेलात ना, तवाच मी समजलो. तुमाला पटलं नसतं तर तुमी शिव्या दिल्या असत्या."