बोट फिरवायचं नाही!

मी डायरी दोन्ही बाजूंनी लिहितो. पुढून सराव: कोण आलं, काय वाजवलं, कुठे चुकलं. मागून किस्से. दोन्ही वर्षअखेरीला मधोमध भेटतील असा अंदाज होता. यंदा किस्से सप्टेंबरातच सरावाच्या अंगावर आले! दुसरी वही आणावी लागली.

आमचा बीडचा ऑर्केस्ट्रा तिसेक जणांचा. अर्धे माझ्यासारखे हौशी, अर्धे लग्नाच्या बँडमधले. समोर उभे राहून हात हलवणारे सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. मी पंचेचाळिशीत व्हायोलिन धरलं. "इतका उशीर कावून?" असं सरांनी विचारलं नाही. म्हणाले, "मागच्या रांगेत जागा आहे, बसा." ते उपकार मी विसरलेलो नाही.

*

पहिली अडचण नावाची. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना चमकता कोट घातलेला गायक आणि मिमिक्री हवी. गेवराईत आम्ही एक विदेशी, फारशी कुणी न ऐकलेली रचना वाजवली. वीस मिनिटं लोक चिडीचूप! सर खूश. संपल्यावर पहिल्या रांगेतले आजोबा उठले.

"म्युझिक लई भारी हाय. आता गाणाऱ्याला बोलवा की! कवाची वाट बघतोय आमी."

तेव्हापासून सर एक ओळखीचं, एक अनोळखी असं लावतात. लिंबागणेशला सुरुवात आरतीच्या चालीनं केली. सगळे उभे राहिले, टाळ्या धरल्या. मग अनोळखी सुरू झालं, तरी कुणी बसेना! आरती संपली हे त्यांना कोण सांगणार? अर्धा तास बिचारे हात जोडून उभे. शेवटी एकानं हळूच विचारलं, "सर, परसाद?"

*

आमचा डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिनच. बाळू तो वाजवतो आणि आमचा टेम्पोही चालवतो. एकदा बासची मान मोडली, सुतारानं जोडून दिली. कार्यक्रमाला नेताना बाळूनं तो आडवा ठेवला, मानेखाली उशी, अंगावर गोधडी. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. धाबेवाला आत डोकावला.

"पेशंटला काय झालं?"

"मान मोडली होती. नुकतीच जोडलीय," बाळू म्हणाला. खोटं काय त्यात?

धाबेवाल्यानं पेशंटसाठी दोन शहाळी दिली. नको म्हणता येईना. पेशंटच्या नावानं आम्हीच प्यायलो.

*

तालाच्या एका घराला आम्ही बार म्हणतो. मी डायरीत लिहिलं, "आज चाळीस बार झाले. अजून सवय नाही." बायकोनं वाचलं. दोन दिवस बोलली नाही!

*

आता रफिकचाचा. तीस वर्षं वरातीत क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. बँडची रीत अशी, की वरात पुढे सरकेना तर पुढचा वाजवणारा बोट वर करून गोल फिरवतो. म्हणजे तेच पुन्हा. वरात हलेपर्यंत!

पहिल्याच सरावात चाचांनी बोट फिरवलं. बँडवाले मागे फिरले, आम्ही व्हायोलिनवाले पुढे गेलो. जो गोंधळ झाला त्यात सर ओरडले, "इथं कुणी बोट फिरवायचं नाही!"

चाचांना गप्प बसणंही जड जाई. बँड थांबला की वरात थांबते ना! एकदा सर म्हणाले, "चाचा, इथं तुम्हाला चाळीस बार काही वाजवायचं नाही."

"चाळीस? लोकं म्हनतील, म्हातारा खुर्चीतच गेला!"

पण चाचा शिकले. कारण त्यांना एकच गोष्ट हवी होती. एकदा म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यानं मला ऐकलं, तुमच्या चाचीनं न्हाई. आमच्या लग्नाला तर बँडच नव्हता. सीझन होता, आमचीच पार्टी दुसऱ्याच्या वरातीला गेलती. एकदा मी बसून वाजवीन, तिनं बसून ऐकावं."

सरांनी नवीन रचना निवडली. तिच्यात क्लॅरिनेटचे एकट्याचे आठ बार होते. चाचा महिनाभर तेच घोकत होते.

*

कार्यक्रम बीडलाच होता. चाची दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. सकाळपासून चाचांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. "आठ बार नीट गेले पायजेत," एवढंच म्हणत होते.

त्यांची पाळी आली. आम्ही खाली मंद सूर धरला. चाचांनी पहिली फुंकर घातली. काय सूर लागला! आणि चाचा उठले. वाजवत वाजवत फूटभर उंचीच्या त्या स्टेजवरून उतरले आणि मधल्या वाटेनं हॉलच्या दाराकडे चालू लागले!

"चाचा, बसा," सर पुटपुटले. ऐकतोय कोण?

आठ बार ते किती! चाचा दुसऱ्या रांगेपाशी पोचले तेव्हा पाच झाले होते. चाचीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उठली. आणि चाचांच्या मागून सावकाश चालू लागली.

सहा. सात. दार अजून लांब होतं. मी सरांकडे पाहिलं.

सरांनी उजवा हात वर केला आणि बोट गोल फिरवलं.