काळे प्लग

हदगावला गॅरेज टाकून निजामोद्दीनला तीस वर्षं झाली होती, आणि आता त्याला माणसांचाच वीट आला होता. गाड्यांचा नाही. गाडी बिचारी खोटं बोलत नाही. प्लग काढून बघितला की तिचं पोट कळतं: टोक फिकट तपकिरी असलं तर ठीक, काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. पण मालकाला हे ऐकायचंच नसतं. त्याला प्लग पॉलिश पेपरनं घासून हवा, की चालला.

सगळ्यात किळसवाणं गिऱ्हाईक म्हणजे अण्णाराव. त्याचा जुना पेट्रोल टेम्पो भाजी घेऊन भोकरला जायचा आणि गेली तीन वर्षं दर पंधरवड्याला गचके खात बंद पडायचा. निजामोद्दीन काळेकुट्ट प्लग काढायचा आणि तोंड वाकडं करून सुनावायचा, "उभ्या गाडीचं इंजन तासतास चालू ठेवता, चोक ओढून फिरता, भेसळीचं पेट्रोल पाजता. शिसारी येते मला!"

अण्णाराव मान खाली घालून ऐकायचा. त्यानं चोक सोडला, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरू लागला, थांबला की इंजिन बंद करू लागला. प्लग काळे ते काळेच. निजामोद्दीन उस्तादाचा हात गेला, असं बाजारात लोक बोलू लागले. निजामोद्दीनला जेवण गोड लागेना.

या खेपेला टेम्पो ओढत आणून अण्णाराव म्हणाला, "चाचा, ह्या बारीला नीट झाली न्हाई तर नांदेडला न्यावी लागंल."

निजामोद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यानं काय घाण केलीय ते चारचौघांत दाखवतोच, म्हणून तो सगळंच खोलायला बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात प्लगच्या पुढं, हवेच्या फिल्टरपाशी गेला. फिल्टरच्या तोंडावर कापडाचं गाठोडं! वर लाल, खाली पिवळं, तळाशी धुळीनं दगड झालेली चिंधी.

"हे कोण्या गाढवानं बांधलं?" तो ओरडला.

"तुमीच की, चाचा," अण्णाराव भाबडेपणानं म्हणाला. "सोयाबीनच्या मळणीची लई धूळ हाय म्हनून तुमीच फडकं बांधलं होतं. मी सोडलं न्हाई कधी. दर दसऱ्याला पूजा करून वरून नवं बांधत आलो. उस्तादाच्या हातचं, कसं सोडावं?"

मळणी संपली की सोड, हे सांगायचं निजामोद्दीन विसरला होता. नंतर बघायचंही सुचलं नाही, सगळा वेळ शिव्या देण्यात गेला.

गॅरेजच्या दारात चहा पिणारे लोक हसू दाबत होते. त्यानं एकेक फडकं सोडलं, प्लग साफ करून बसवले, किल्ली फिरवली. टेम्पो पहिल्या झटक्यात सुरू झाला. अण्णाराव पाया पडायला वाकला, तेव्हा निजामोद्दीनला स्वतःचीच अशी किळस आली की त्यानं पाय मागं घेतले.