पितराने मागितलेला गोळा

परवा तुमच्या आईने मला पुन्हा एकदा घशाचा फोटो पाठवला. या वेळी तुझा. तिकडे परदेशात बर्फ पडत असणार. इकडे अमरावतीत मी उन्हाला पाठ देऊन हिरवा हरभरा सोलत बसले होते, आणि फोनवर अचानक तो लालभडक घसा उघडला. खाली ओळ होती, "आई, डावीकडचा जास्त वाटतो का गं?"

धाकटे, तू फोनवर विचारलंस की दादाच्या घशाचं तेव्हा काय झालं होतं. तुझी आई ते नीट सांगणार नाही, आणि दादा सांगेल त्यात तो फारच शूर असेल. म्हणून मीच क्रमाने सांगते.

तू तेव्हा जन्मायची होतीस. दादा पहिलीत होता. अकोल्याला तुमच्या बाबांच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे, सगळे एकत्र राहत. दादाचा घसा सारखा सुजायचा. ताप यायचा, थुंकी गिळता यायची नाही. औषधाची बाटली आली की बरं वाटायचं, बाटली संपली की थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. शाळेतल्या बाईंना तो चेहऱ्यापेक्षा गैरहजेरीनेच जास्त माहीत होता.

तुमच्या आईची समजूत अशी की दर वेळी कुणीतरी गुन्हेगार असतोच, आणि तो शोधण्यात आपण कमी पडलो. घसा सुजला की ती फौजदारासारखी चौकशीला बसायची. काल काय खाल्लं? पंख्याखाली कोण झोपलं? दह्याची वाटी कुणी दिली? एकदा दही सापडलं, ते बंद झालं. मग केळी बंद झाली, मग चिंच. पेरू तर नुसत्या संशयावरून गेला. घरात दुसऱ्या कुणी थंड प्यायलं तर दादा आशेने बघतो, म्हणून तिने स्वतःही थंड सोडलं. लग्नाआधी जेवण झाल्यावर आईस्क्रीमसाठी मला गावभर फिरवणारी ही मुलगी.

हे सगळं अकोल्याच्या उन्हाळ्यात, जिथे नळाचं पाणीच अंघोळीला तापवावं लागत नाही. तिथे दादाला प्यायला उकळून कोमट केलेलं पाणी. कूलर लावायचा, पण त्याचं तोंड भिंतीकडे. त्या उन्हाळ्यात घरात सगळ्यात सुखात कोण होतं, तर ती भिंत.

"काहून व सूनबाई," विहीणबाई एकदा म्हणाल्या, "पोराले उकळून राहिली का?"

"आई, तुम्ही बघता ना त्याला किती त्रास होतो."

"त्याले होते तो घशाचा. आमाले होऊन राहिला तो तुया."

तुमच्या आईला हसू आलं, पण कूलर काही फिरला नाही. कारण वेगळं होतं. एप्रिलमध्ये आम्ही दादाला इथल्या घशाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "हा उन्हाळा बघू. पुन्हा सुजला तर टॉन्सिल काढून टाकू. छोटंसं ऑपरेशन आहे." मग दादाकडे वळून म्हणाले, "आणि नंतर पाहिजे तेवढं आईस्क्रीम खायचं. काय?"

एकाच खोलीत बसून दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. ऑटोत तुमच्या आईने मला हळूच विचारलं, "भुलीतून लहान मुलं नीट जागी होतात ना गं?" आणि तिच्या मांडीवरून दादाने मोठ्याने विचारलं, "पाहिजे तेवढं म्हणजे किती?"

तेव्हापासून एक जण ऑपरेशन टाळायला झटत होती आणि एक जण ते व्हावं म्हणून देवाला सांगत होता.

अक्षय तृतीयेला मी अकोल्याला गेले. तुम्ही तिकडे वाढता आहात म्हणून सांगते, त्या दिवशी आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पितर जेवू घालतात. म्हणजे ओळखीच्या एखाद्या वयस्क माणसाला पाटावर बसवायचं, गंध लावायचं, नमस्कार करायचा आणि आमरस, कुरडया, वडे असं पोटभर वाढायचं. तेवढ्या वेळापुरता तो माणूस आपला पणजोबा. तो मागेल ते द्यायचं. पितराला नाही म्हणायचं नसतं.

विहीणबाईंकडे दरवर्षी शेजारचे निवृत्त मास्तर बसत. त्या सकाळी त्यांचा फोन आला की ते लग्नाला धामणगावला अडकले आहेत. विहीणबाईंनी फोनवर फोन लावले. पण त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक म्हातारा कुणाचा ना कुणाचा पणजोबा असतो. एक जण म्हणाले, "दोन घरी पितर हाओ बाई, तिसऱ्या घरचं पचनार नाही."

"मंग यालेच बसवतो," विहीणबाई म्हणाल्या. हा म्हणजे दादा. तो कुरडईचे तुकडे खिशात भरत होता.

"घरचंच लेकरू?" मी विचारलं.

"पंतू म्हंजे आजाच असते, इहीनबाई. अन् भूकबी लागली हाय त्याले."

दादाला पाटावर बसवलं. डोक्यावर ठेवलेली मोठ्या माणसाची टोपी कानांवर आली. विहीणबाईंनी गंध लावलं. तुमच्या आईने हसत हसत वाकून नमस्कार केला. त्याचा रस तिने वेगळा काढला होता, सुंठ घालून, कोमट. ती निर्धास्त होती. रीतीप्रमाणे तिने विचारलं, "अजून काय वाढू?"

दादाने ताटाकडे पाहिलं. मग आपल्याला नमस्कार करणाऱ्या आईकडे पाहिलं. मी आयुष्यभर वर्ग सांभाळले आहेत. मुलाला नियम कळल्याचा क्षण मला लांबून ओळखता येतो.

"गोळा," पितर म्हणाले. "कालाखट्टा."

तुमच्या आईची पळी हातातच राहिली. "तसं नसतं रे राजा. ताटातलं मागायचं."

"पितरानं मांगतलं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या मामाजीले गोळ्याचा लय शौक होता." मामाजी म्हणजे त्यांचे सासरे, तुमचे पणजोबा.

"आई, मागच्या वर्षी तुम्हीच म्हणालात की त्यांना ताकसुद्धा सोसायचं नाही."

"ते जितेपनी."

तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी शिकलेल्या आपल्या आईकडून तिला त्या क्षणी फार अपेक्षा होत्या. मी म्हटलं, "तुझे आजेसासरे आहेत ते. मी माहेरची, मी मध्ये कशी बोलू?"

तोवर तुमचे बाबा चपला घालून फाटकापर्यंत पोहोचले होते. इतक्या उत्साहाने पितरांचं काम करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

गोळा आला. दादाने तो चोखून पांढरा केला, पुन्हा रंगात बुडवून घेतला, आणि जांभळ्या जिभेने आशीर्वाद दिला. तुमची आई समोर बसून बघत होती, जणू काही तो विस्तव खातो आहे.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ मोबाइलची बॅटरी आणि "आ कर". मी अमरावतीला परत आले तर फोटो माझ्या मागोमाग. माझ्या मैत्रिणी सकाळी फुलं पाठवत, आणि फुलांच्या मध्ये दादाचा घसा. पण घसा गुलाबीच राहिला. मे महिना गेला, काही झालं नाही. दादा हिरमुसला. त्याच्या मते गोळा पुरेसा मोठा नव्हता.

मग जूनच्या अखेरीस शाळा उघडली. दादा डब्यात वरण-पोळी आणि बाटलीत उकळलेलं पाणी घेऊन जाऊ लागला. थोड्याच दिवसांत ताप आला. घसा असा सुजला की त्याला पाणीही गिळवेना.

तुमच्या आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

"आई, या वेळी काहीच नव्हतं गं. काहीच दिलं नव्हतं मी."

"हं."

"म्हणजे गोळा खाल्ला तेव्हा काही झालं नाही. आणि कोमट पाणी पिऊन झालं."

माझ्या मुलीला गणित तिचं तिला सोडवू द्यावं लागतं. मध्ये उत्तर सांगितलं की ती रागावते.

"म्हणजे मागच्या वेळीही माझं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतं."

"दही खाल्लं होतं, तेव्हा?"

"तेव्हाही नाही, बाळा."

मला वाटलं, आता ती रडेल. पण ती म्हणाली, "त्याच्यावर पहारा करून मी दमले गं. उद्या मीच डॉक्टरांना फोन करते." आणि फोन ठेवायच्या आधी पलीकडे काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. नंतर विहीणबाईंनी सांगितलं, कूलर त्या दिवशी भिंतीकडून माणसांकडे वळला.

सूज उतरल्यावर ऑपरेशन अमरावतीलाच झालं. दादाला आत नेलं तेव्हा तुमची आई बाहेर बाकावर त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली. नर्सने दार उघडून "जागा झाला, आई-आई करतोय" असं म्हटल्यावर ती उठली, तेव्हा चपला खाली पडल्या. त्या मी उचलल्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाबा आईस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आले. दादाने उठून बसून चमचा हातात घेतला. एवढ्या दिवसांच्या प्रार्थना त्या चमच्यात होत्या. पहिलाच घास गिळताना त्याचं तोंड असं वाकडं झालं की त्याने चमचा परत केला आणि दोन्ही हातांनी डबा दूर सारला. त्याचा विश्वासघात झाला होता, आणि तो कुणी केला ते सांगायला घशातून आवाज निघत नव्हता.

तुमच्या आईने विचारलं, "काय वाढू मग, आजेसासरे?"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वरण-भात. मऊ."

विहीणबाई अकोल्याहून तो घेऊनच आल्या होत्या. त्या त्याला भरवू लागल्या. खाटेच्या पलीकडे तुमची आई स्टुलावर बसली, आईस्क्रीमचा डबा तिने मांडीवर घेतला आणि कुणालाही न विचारता तो संपवला. झाकणसुद्धा चाटलं.