धुळ्याहून जळगावला, सर्कशीतल्या मॅनेजरच्या सत्काराला

प्रवासाला निघायचं म्हटलं की माझं पोट बिघडतं. हे आधीच सांगून टाकतो. मी सातवीपर्यंत शिकलेला, आता वय झालेला माणूस, मोबाईलवर एका बोटाने लिहितो. ही सहल नव्वद सालाच्या आसपासची. तेव्हा मी चाळिशीत होतो, पण पोट असंच होतं.

धुळ्याजवळ आमचं खेडं. एके सकाळी शेजारचे विठ्ठलनाना अंगणात येऊन उभे राहिले.

"दगा, जळगावले सर्कस उनी शे. आम्हना भटू तठे मॅनेजर शे. त्याना सत्कार करना शे. चाल."

भटू म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा. बापाशी भांडून तो घर सोडून गेला होता. "काहीतरी बनीसन ये, मंगच घरमा पाय ठेव," असं नानांनी त्याला भर गल्लीत सुनावलं होतं. नंतर कोणाच्या तरी तोंडी निरोप आला की तो सर्कशीत मॅनेजर झाला. तेव्हापासून नाना गावभर ताठ चालत.

भटू मॅनेजर नव्हता, हे गावात फक्त मला माहीत होतं. तो मला एकदा धुळ्याच्या बाजारात भेटला होता. सर्कशीत विदूषकांचा एक कापडी घोडा असतो, आत दोन माणसं. भटू त्या घोड्याचे मागचे पाय होता.

"दगाभाऊ, नानाले सांगू नको," तो म्हणाला होता. "घरना रस्ता कायमना बंद व्हई जाई."

आता मी काय करायचं? नाही म्हणावं तर नाना कारण विचारणार. मी पिशवीत ओवा, हिंग, बाम आणि एक जादा चप्पल भरली आणि निघालो. सोबत माझा मित्र सुकलाल होता. त्याला काळजी नावाची गोष्ट देवाने दिलेलीच नाही.

धुळ्याहून जळगावला जायचं तर सकाळची एसटी धरावी आणि उन्हाळ्यात डाव्या बाजूला बसावं, उजवीकडे ऊन भाजून काढतं. हे मला उजवीकडे बसल्यावर कळलं. पारोळ्याला खिडकीतून किल्ला दिसला. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा सुकलालने भजी खाल्ली. मी ओवा खाल्ला. नानांच्या मांडीवर सत्काराचं सामान होतं: पांढरी टोपी, टॉवेल, नारळ आणि कुंकवाची पुडी. गाडीने खड्डा घेतला की ते नारळ पोटाशी धरत.

"नाना, मॅनेजर लोक फार कामात असतात," मी सुचवून पाहिलं. "भेट होईलच असं नाही."

"बापले भेटाले टाइम नही? मंग कसाना मॅनेजर?"

सुकलाल म्हणाला, "दगा, तुन्हं तोंड असं का व्हयनं? सिंहना पिंजरामा तुले जानं शे का?"

जळगावला मेहरूणमध्ये माझी चुलतबहीण राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. दुपारचं जेवण तिच्याकडे. शेवभाजी, भाकरी, वर लसणाची चटणी. जळगावात घरची शेवभाजी मिळाली तर हॉटेलच्या नादी लागू नका. नानांनी अक्काला सगळं सांगितलं, टोपी दाखवली. अक्का हरखली. म्हणाली, "आमच्या ह्यांनाही सर्कशीत चिकटवता येईल का?" मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो.

जेवण झाल्यावर रिक्षाने मैदानावर गेलो. गॅलरीचं तिकीट स्वस्त होतं, पण बसायला फळ्या होत्या आणि फळ्यांच्या खाली काहीच नव्हतं. मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "सिंह जेवला का?"

"सकाळीच."

"पोटभर?"

"काका, मागे लाईन आहे."

मी आम्हाला बाहेरच्या दाराजवळ बसवलं, म्हणजे सिंह सुटला तर पळता येईल आणि नाना चिडले तरी पळता येईल.

खेळ सुरू झाला. झुल्यावरच्या मुली आल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले. हत्तीने शंकराच्या पिंडीला पाणी घातलं. नाना काहीच बघत नव्हते. लाल कोटवाला माणूस आला की ते अर्धे उठत.

"हाऊ का भटू?"

"नाही नाना, हा जाडा आहे."

"मॅनेजर शे. जाडा व्हयना व्हई."

मग बँड वाजला आणि विदूषकांबरोबर तो घोडा आला. पुढचे पाय उत्तरेला निघाले, मागचे दक्षिणेला. लोक हसून लोटपोट झाले, नानाही हसू लागले. विदूषकाने काठी उगारून घोड्याला दरडावलं. तेव्हा घोडा उभा राहिला आणि त्याच्या मागच्या उजव्या पायाने डावी पोटरी हळूच खाजवली.

नाना हसायचे थांबले. भटू लहानपणापासून बोलणी खाताना तसाच उभा राहायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, बापाला तर असणारच.

"दगा," नाना हळू आवाजात म्हणाले, "तुले म्हाईत व्हतं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

नाना उठले. मला वाटलं, बाहेर चालले. पण ते सामान घेऊन फळ्या उतरले आणि कठडा ओलांडून थेट रिंगणात गेले. मी मागे धावलो, आणि सुकलाल आनंदाने माझ्या मागे.

सत्काराचं सामान बघून घोड्याने तोंड पुढे केलं. नानांनी ते हाताने बाजूला सारलं.

"तू सरक भो. मन्हं काम मांगलासंगे शे."

नानांनी घोड्याच्या पाठीमागे जाऊन शेपटीच्या वर कुंकू लावलं, टॉवेल पसरला आणि त्यावर टोपी ठेवली. तंबू टाळ्यांनी दणाणला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. लाल कोटवाल्यालाही वाटला असावा, कारण त्याने बँडला खूण केली. नारळ कुठे द्यावा हे नानांना कळेना. तेवढ्यात शिवणीतून एक हात बाहेर आला. नारळ घेऊन आत गेला. पुन्हा बाहेर आला आणि नानांचे पाय चाचपडू लागला. मिळाले ते माझे.

"नाना, माफ करा," घोडा माझ्या पायाशी रडत होता.

"अरे, मी दगा आहे!"

"भटू," नाना म्हणाले, "अखाजीले घर ये. तुन्ही माय वाट दखी राहिनी."

दुसऱ्या दिवशी परतलो. अक्काने डब्यात भरीत दिलं होतं, ते पारोळ्यापर्यंत संपलं. गावात लोकांनी विचारलं, "काय नाना, मॅनेजर भेटना का?" मी पिशवीत ओवा शोधू लागलो. नाना म्हणाले, "मॅनेजर नही. घोडा शे. तोबी मांगला. पुढला नुसती मान हालावस, वजन बठ्ठं मांगला लेस."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भटू आला. पोरी झोके घेत होत्या, घराघरात पुरणपोळी होती, आणि सगळी गल्ली नानांच्या अंगणात घोडा बघायला जमली. अंथरुणाची चादर आणली. पुढचा कोण होणार? सुकलालने मला ढकललं.

चादरीच्या आत काही दिसत नाही आणि फार उकडतं, ज्यांना हौस असेल त्यांनी विचार करावा. मी पहिल्याच पावलाला अडखळलो. मागून भटूने माझी कंबर धरली आणि म्हणाला, "दगाभाऊ, तू फक्त चाल. पडना तं मी शे."

मी चाललो. सर्कस विसरेन, एसटी विसरेन, पण ती पावलं विसरत नाही. तेवढं अंतर मी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता गेलो, आणि सरळ जाऊन नानांच्या म्हशीवर आदळलो.